एंजलची जोडी दर वेळी अंडी खाऊन टाकते, आता काय करू?

रंगीत_शेपूट:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझा तीन फुटी टँक आहे, साधारण १५० लिटरचा. त्यात एंजल माशांची एक जोडी आहे, एक साधी चंदेरी काळ्या पट्ट्यांची आणि दुसरी मार्बल, म्हणजे काळ्या-पांढऱ्या नक्षीची. मुळात सहा छोटे आणले होते, वाढता वाढता ही दोघं आपापली जमली आणि मग बाकीच्या चौघांना इतकं हाणायला लागली की त्यांना मैत्रिणीच्या टँकमधे पाठवावं लागलं. तिथपर्यंत सगळं छान. आता गेल्या अडीच महिन्यांत पाच वेळा अंडी घातली, दर बारा-पंधरा दिवसांनी, चार वेळा अमेझॉन सोर्ड या पाणवनस्पतीच्या रुंद पानावर आणि एकदा फिल्टरच्या पाईपवर. पहिला दिवस बघण्यासारखा असतो, दोघंही आळीपाळीने परांनी वारा घालतात, मी काचेजवळ बोट नेलं तरी अंगावर धावून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी कमी झालेली दिसतात आणि तिसऱ्या दिवशी पान चक्क पुसून काढल्यासारखं स्वच्छ. पाचही वेळा हेच!

पाणी २८ डिग्री, पीएच ७.४, दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदलते. टँकमधे अजून नियॉन म्हणजे ते छोटे चमकदार मासे आहेत (आठ होते, आता पाच दिसतात, बाकीचे झाडात असतील), चार कोरी (तळाशी फिरणारे मासे) आणि काच साफ करायला एक सकर मासा, तो आता वीतभर झालाय. घरच्यांचं म्हणणं की त्यांना नकोच असतील पोरं तर तू कशाला मागे लागतेस. पण मला एकदा तरी पिल्लं बघायची आहेत हो. अंडी खाऊ नयेत म्हणून काय करायचं? की सरळ काढून घ्यायची?

जुना_स्पंज:
सरळ काढून घे. एंजलच्या आईबापावर भरवसा ठेवायचा नाही हा माझा नियम, कितीतरी जोड्या झाल्या माझ्याकडे, स्वतः पिल्लं वाढवणाऱ्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पद्धत सांगतो. टँकमधे स्लेटचा किंवा गुळगुळीत फरशीचा एक तुकडा तिरका उभा करून ठेव, पानापेक्षा त्यांना तो जास्त आवडतो आणि आपल्याला उचलायला सोपा. अंडी घालून झाली आणि नराचं त्यावरून फिरणं थांबलं की तासा-दोन तासांनी तुकडा उचलायचा, पाच-सात लिटरची काचेची बरणी किंवा छोटा टँक, त्यात त्याच टेंपरेचरचं क्लोरीन नसलेलं पाणी, आणि तुकडा पाण्याबाहेर अगदी थोडा वेळच राहील असं बघायचं. एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) असा लाव की बुडबुडे अंड्यांच्या शेजारून वर जातील, थेट अंड्यांवर नकोत. आई परांनी जे काम करते तेच आता हवेने करायचं. मिथिलीन ब्ल्यू हे बुरशीवरचं औषध टाकून पाणी निळं कर, डोस बाटलीवर लिहिलेला असतो, पण तो फक्त बरणीत, मोठ्या टँकमधे चुकूनही टाकू नकोस, फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियांची वाट लागते. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने रोज काढत राहायची, नाहीतर बुरशी एका अंड्यावरून शेजारच्यावर चढते. २८ डिग्रीला साधारण साठ तासांत फुटतात. मग चार-पाच दिवस पिल्लं जागच्या जागी शेपटी हलवत लटकून राहतात, पोटाला पिवळा बलक असतो, तोवर खायला काहीही द्यायचं नाही, बरेच लोक इथेच घाई करतात आणि पाणी नासवून सगळी मारतात. पोहायला लागली की ताजं फुटलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले ते बारीक जीव. झालं.

शेवाळ_काढतोय:
स्पंजभाऊंची पद्धत बरोबर आहे पण जरा थांबा ना, आधी कळू तर दे की खातंय कोण आणि का. अरे रंगीत, तुझ्या पोस्टमधे "खाऊन टाकते" असं लिहिलंयस पण खाताना तू बघितलंयस का? मला तरी वाचून वाटतंय की फक्त सकाळी पान रिकामं दिसलंय.

तीन-चार गोष्टी सांग.

अंड्यांचा रंग काय असतो दुसऱ्या दिवशी? फळलेलं अंडं मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं राहतं, न फळलेलं चोवीस तासांच्या आसपास पांढरं खडूसारखं होतं. सगळीच पांढरी होत असतील तर प्रश्न खाण्याचा नाहीच, नराचा आहे. आणि आईबाप पांढरी अंडी वेचून खातात ते बरोबरच करतात, त्यावरची बुरशी चांगल्या अंड्यांवर जाऊ नये म्हणून. त्याला खाणं म्हणू नकोस, ती साफसफाई आहे.

दुसरं म्हणजे अंडी गायब कधी होतात, दिवसा तुझ्या डोळ्यांदेखत की लाईट बंद केल्यावर?

तिसरं, तिसऱ्या दिवशी पान रिकामं दिसल्यावर तू बाकी टँक नीट शोधलास का? पिल्लं बाहेर पडायच्या वेळी एंजल ती तोंडात घेऊन दुसरीकडे नेऊन चिकटवतात, दुसऱ्या पानावर, पाईपवर, कधी हीटरच्या मागे. बघणाऱ्याला वाटतं गिळलं. माझ्या पहिल्या बॅचला मी रागाने नराला जाळीत पकडून बाहेर काढला होता आणि नंतर बघतो तर शंभरेक पिल्लं काचेच्या कोपऱ्यात वळवळतायत. त्या नराने पुढचा महिनाभर माझ्याकडे पाठ केली होती, मस्करी नाही.

आणि चौथं, अंडी घालताना दोघांच्या पोटाखाली जी नळी बाहेर येते तिचा फोटो काढ. मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक, टोकदार आणि थोडी पुढे झुकलेली. एंजलमधे एरवी नर-मादी ओळखणं म्हणजे अंदाजपंचे, कपाळाचा उंचवटा वगैरे लोक सांगतात त्यावर जाऊ नकोस.

पाच वेळा म्हणजे काही फार नाही. पहिलटकरीण आहे ती, अजून शिकतेय.

दोन_राण्या:
नळीचा फोटो काढच काढ. माझं नावच त्यावरून पडलंय. आठ महिने, आठ महिने मी एका जोडीची अंडी सांभाळली, पान साफ करणं, एकमेकांना तोंडात तोंड घालून ओढणं, बाकीच्यांना हाकलणं, संसाराची सगळी लक्षणं, आणि अंडी पण भरघोस, इतकी की पानावर जागा पुरायची नाही. मला अभिमान वाटायचा. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी. मी पाणी बदललं, टेंपरेचर बदललं, पीएच खाली आणायच्या नादात दोन वेळा सगळा टँक डळमळीत केला, जिवंत खाद्य सुरू केलं. शेवटी एकाने फोटो बघून सांगितलं की बाबा रे दोन्ही माद्या आहेत, दोघीही त्याच पानावर घालतायत म्हणून दुप्पट दिसतायत. नर जवळ नसेल तर दोन माद्या अशी जोडी जमवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एक नर आणून सोडला, वीस दिवसांत मधाच्या रंगाची अंडी. दुसरी राणी मग वेगळ्या टँकमधे गेली, तिने आठवडाभर अन्नत्याग केला.

पोपट_माझा:
मधेच विचारतो, सॉरी. माझी ब्लड पॅरट माशांची जोडी पण दर महिन्याला अंडी घालते आणि सगळी पांढरी. माझ्याकडे पण दोन माद्या असतील का?

शेवाळ_काढतोय:
असतीलही, पण तुझी गोष्ट वेगळी आहे. ब्लड पॅरट हा निसर्गात नाहीच, वेगवेगळ्या सिक्लिडचा (एंजल पण त्याच कुळातला) संकर करून बनवलेला मासा आहे आणि त्यातले नर बहुतेक वेळा नापीक असतात. जोडी जमते, खड्डा खणतात, अंडी घालतात, जिवापाड राखतात, पण फळत नाहीत. मादीला कन्व्हिक्ट नावाच्या सिक्लिडचा नर दिला तर पिल्लं होतात, पण मग ती धड पॅरट ना धड कन्व्हिक्ट. वाढवायची असतील तर घरातच ठेव, कुणाला देताना खरं काय ते सांगून दे एवढंच. बाकी वेगळा धागा काढ, इथे ताणू नको.

रंगीत_शेपूट:
बापरे एवढी उत्तरं! आधी एक, मी "अरे" नाही "अगं" आहे 😄

शेवाळदादा तुम्ही विचारलंत ते. खाताना मी खरंच बघितलेलं नाही, तुम्ही म्हणाल्यावर लक्षात आलं. मागच्या वेळचा फोटो मोठा करून बघितला, बहुतेक सगळी मधासारखी आहेत, वीस-पंचवीस पांढरी. म्हणजे नर आहे ना माझ्याकडे? नळीचा फोटो नाही पण अंडी घालताना चंदेरी आधी फिरते आणि मार्बल तिच्या मागोमाग त्याच रेषेवरून जातो. दिवसा एकही अंडं कमी होत नाही, लाईट टायमरवर आहे, रात्री दहाला बंद, आणि सकाळी बघितलं की कमी. दुसरीकडे कुठे पिल्लं दिसली नाहीत पण तसं मी शोधलं पण नव्हतं.

शेवाळ_काढतोय:
सॉरी ताई! आणि हो, मधाच्या रंगाची एवढी अंडी म्हणजे नर आहे आणि कामाचा आहे.

मग आता चित्र स्पष्ट दिसतंय मला. दिवसा एकही कमी होत नाही, लाईट गेल्यावर कमी होतात. एंजल डोळ्यांवर चालणारा मासा आहे, अंधारात त्याला राखण करता येत नाही. आणि अंधारात टँकमधे कोण जागं असतं? वीतभर सकर. सकर दिवसा ओंडक्याखाली साधू बनून बसतो आणि रात्री सगळा टँक चाटत फिरतो, अंडी म्हणजे त्याला आयती मेजवानी. कोरी पण अंडी सोडत नाहीत पण त्या खाली वाळूत असतात, उंच पानावर चढून खायचं काम सकरचं. तू गेले अडीच महिने चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतीस!

अर्थात आईबाप अगदीच निर्दोष असं नाही म्हणत मी. रात्री अंधारात कुणीतरी अर्धी अंडी चाटून गेलं, सकाळी धक्काबुक्की झाली, की एंजल उरलेली स्वतःच खाऊन टाकतात. त्यांच्या दृष्टीने जागा सुरक्षित नाही, मग ही बॅच सोडायची, पोटात घालून ताकद परत मिळवायची आणि पंधरा दिवसांनी परत प्रयत्न. हिशोब चोख आहे त्यांचा. म्हणून आधी कारण काढ.

आता पुढच्या वेळी एक कर. अंडी घातली की रात्री खोलीत एक मिणमिणता दिवा चालू ठेव, टँकचा मोठा लाईट नको, फक्त त्यांना आकार दिसतील एवढा उजेड. आणि तासभर खुर्ची टाकून बस. मग मला सांग.

आणि पीएच ७.४ ला हात लावू नकोस. एंजल मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी हे खरं, पण हल्ली विकत मिळणारे एंजल पिढ्यानपिढ्या टाकीत जन्मलेले असतात, तुझ्याकडे अंडी फळतायत म्हणजे पाणी त्यांना चालतंय. सारखं खालीवर होणारं पाणी हे जरा जास्त पीएचपेक्षा वाईट. राण्यांनी सांगितलंच वर.

ता.क. ते तीन नियॉन झाडात नाहीत ताई. मोठ्या एंजलच्या तोंडात नियॉन बरोब्बर मावतो.

जुना_स्पंज:
सकरबद्दल पटलं, माझ्या लक्षात नव्हतं आलं. पण तरी मी म्हणतो बरणीतच काढ. सकर काढलास, दिवा लावलास, तरी असे सगळे मासे एकत्र असलेल्या कम्युनिटी टँकमधे पोहायला लागलेली पिल्लं किती वाचणार, नियॉनसुद्धा टिपतील त्यांना. बरणीत दोनशे पिल्लं निघतील, तिथे वीस.

शेवाळ_काढतोय:
पण तिला दोनशे हवीत कुठे? ती म्हणतेय एकदा तरी बघायचंय. दोनशे एंजल रुपयाच्या नाण्याएवढे झाले की त्यांना ठेवायचं कुठे, रोज पाणी कोण बदलणार, हा विचार आधी केला पाहिजे, आणि माझं स्पष्ट मत आहे की एंजल पाळायचं सगळं सुख आईबापांना पिल्लांसोबत बघण्यातच आहे, ढगासारखा थवा घेऊन ती दोघं टँकमधे फिरतात, एखादं भरकटलं की तोंडात धरून परत थव्यात थुंकतात. बरणीतून ते कुठे दिसतंय.

यावरून आठवलं. कॉनराड लॉरेंझ म्हणून शास्त्रज्ञ होते, प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामाला १९७३ चं नोबेल मिळालं त्या तिघांपैकी एक. त्यांनी ज्युएल सिक्लिडच्या एका बापाची गोष्ट लिहून ठेवलीय. संध्याकाळी पिल्लं गोळा करून घरट्यात टाकण्याची वेळ, आणि त्याच वेळी टँकमधे जंत टाकलेले. बापाने एक जंत तोंडात घेतला, चावत असतानाच समोरून एक चुकलेलं पिल्लू आलं, तर त्याने ते पण तोंडात घेतलं. आता एक गिळायचं आणि दुसरं जपायचं, तोंड एकच. तो काही क्षण तसाच गाल फुगवून थबकला, मग दोन्ही थुंकून टाकली, आधी सावकाश जंत खाल्ला, खाताना एक डोळा पिल्लावर, आणि मग पिल्लू उचलून घरी गेला. सिक्लिडला डोकं नसतं म्हणणाऱ्याला मी हे ऐकवतो.

जुना_स्पंज:
गोष्ट भारी आहे. पण ज्युएल आणि एंजल यात फरक आहे राव. ज्युएल, कन्व्हिक्ट ही मंडळी पोरांसाठी जीव देतात, टँकमधल्या इतरांचा जीव घेतात म्हटलं तरी चालेल. माझी कन्व्हिक्टची मादी, ती पोटावर नारिंगी ठिपके असलेली, बोटभर मासा, पण मी वाळू साफ करायला पाईप घातला तर पाईपला लोंबकळायची. एंजलमधे तो जोर नाही. पिढ्यानपिढ्या बरणीत वाढवून वाढवून आपणच तो घालवला असं माझं मत आहे, आणि त्यात माझाही हातभार आहे, कबूल करतो.

मुखात_बाळ:
तुम्ही एंजलवाले उगाच त्रास करून घेता. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले यलो लॅब मासे पाळा. अंडी चोरीला जायचा प्रश्नच नाही, मादी घातल्या घातल्या तोंडात घेते, नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे गोल ठिपके असतात, ती ते पण अंडी समजून टिपायला जाते आणि त्याच वेळी तोंडातली अंडी फळतात. पुढे तीन-साडेतीन आठवडे तोंड बंद, खाणं जवळजवळ बंद, हनुवटी फुगलेली. मग एकदम हातपाय फुटलेली, म्हणजे पर फुटलेली तयार पिल्लं बाहेर, पंधरा-वीसच असतात पण पहिल्या दिवसापासून चुरलेलं कोरडं खाद्य खातात. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवायच्या, नाहीतर एकट्या मादीचा पाठलाग करून तो तिला दमवून मारतो.

बाकी नर-मादीचं निघालंच आहे म्हणून, क्रिबेन्सिस (क्रिब) या माशात तर नर की मादी हे पाण्यावर ठरतं. मी मऊ आम्लधर्मी पाण्यात एक बॅच काढली होती, मोठी झाल्यावर बघतो तर नरच नर, लाल पोटाच्या माद्या चारच. नंतर वाचलं की क्रिबमधे पीएच फार खाली असेल तर नर जास्त होतात, ७ च्या जवळ ठेवलं की माद्यांचं प्रमाण वाढतं. एपिस्टोग्रामा या माशात हेच काम टेंपरेचर करतं, पाणी जास्त गरम तर नर जास्त. म्हणून अशी बॅच विकत घेतली की लोकांना जोड्या मिळत नाहीत, बहुतेक सगळे एकाच लिंगाचे निघतात.

रंगीत_शेपूट:
यलो लॅब नंतर कधीतरी, आधी हे निस्तरू दे 😅 अंडी घातली की कळवते.

रंगीत_शेपूट:
मंडळी, अपडेट! थोडं लांबेल.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास अंडी घातली, या वेळी नळीचा फोटो पण काढला, एक बोथट एक टोकदार, म्हणजे राण्यांसारखं काही नाही. रात्री कोपऱ्यात छोटा दिवा लावला आणि खुर्ची टाकून बसले. साडेअकरापर्यंत काही नाही, मला डुलकी यायला लागली, आणि मग सकर महाराज ओंडक्याखालून निघाले. घाई नाही, काही नाही, काच चाटत चाटत, रस्त्यात थांबत, अगदी सहज फिरायला निघाल्यासारखे, आणि बरोब्बर सोर्डच्या देठावरून वर. मार्बलने त्याला जे काही मारलंय, धडकांवर धडका, पण त्या चिलखताला काही होतंय का, तो आपला पानाच्या कडेला चिकटला आणि खायला सुरुवात. दिवा होता म्हणून मार्बलला तो दिसला तरी, अंधारात काय होत असेल कल्पना करा. मी रात्री बारा वाजता बाही वर करून जाळी घातली. एक सांगते, सकरला जाळीने पकडू नका, त्याचे काटे जाळीत असे अडकले की शेवटी जाळी कात्रीने कापावी लागली. तो आता माझ्या जुन्या छोट्या टँकमधे आहे, त्याला कायमची मोठी जागा शोधायची आहे. कोरी पण तिकडेच हलवल्या.

सोमवार, मंगळवार सगळं ठीक, पांढरी अंडी ती दोघं स्वतः वेचून काढत होती, मी वाचलेलं होतं म्हणून घाबरले नाही. मंगळवारी रात्री बाकीच्या अंड्यांत काळे ठिपके दिसायला लागले, डोळे! आणि बुधवारी सकाळी उठून बघते तर पान रिकामं. परत. स्वच्छ. मी अक्षरशः टँकसमोर बसून रडायच्या बेतात होते, तेवढ्यात चंदेरी फिल्टरच्या पाईपजवळून हलेना म्हणून तिकडे बघितलं, तर पाईपला खालून वरपर्यंत बारीक बारीक शेपट्या वळवळतायत, मोजता येत नाहीत पण शंभरच्या वर नक्की असतील. मधेच एखादं गळून खाली पडतं, मग मार्बल खाली जातो, तोंडात घेतो, दोन-तीनदा चघळल्यासारखं करतो (माझा जीव वरखाली) आणि परत पाईपवर चिकटवतो. काल संध्याकाळी सगळी वरात परत एका पानावर हलवली. का ते त्यांनाच ठाऊक.

आज शुक्रवार. आता पुढे काय? खायला कधी द्यायचं? स्पंजदादा, आर्टेमिया कसं करायचं ते पण सांगा, मी डबी आणून ठेवलीय पण वाचून गोंधळले.

जुना_स्पंज:
वा! अभिनंदन, आणि मी माघार घेतो, ही जोडी ठेव जपून.

रविवार-सोमवारकडे सुटून पोहायला लागतील. त्या दिवशी आर्टेमिया तयार पाहिजे, त्या दिवशी लावायला घ्यायचं नाही, कारण फुटायला चोवीस तास जातात. म्हणून उद्या संध्याकाळी पहिली बाटली लाव. एक लिटर पाणी, साधारण २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा डबीतली आर्टेमियाची अंडी, एअरचा पाईप तळापर्यंत सोडून जोरात बुडबुडे, सगळं सारखं ढवळलं गेलं पाहिजे, आणि जवळ दिवा. २६ ते २८ डिग्री असलं की दुसऱ्या दिवशी पाणी नारिंगी दिसतं. मग हवा बंद कर, दहा मिनिटं थांब, टरफलं वर तरंगतात, आर्टेमियाची जिवंत पिल्लं खाली किंवा उजेडाच्या बाजूला गोळा होतात, तिथून बारीक पाईपने ओढून घे, दाट फडक्यातून गाळ, गोड्या पाण्याने धू आणि मग दे. टरफलं टँकमधे जाऊ देऊ नकोस, एंजलच्या पिल्लांच्या पोटात अडकतात. आणि ताजं दे, आर्टेमियाच्या पोटातला बलक जसा संपतो तसा त्याचा कस कमी होतो, म्हणून परवा संध्याकाळी दुसरी बाटली लाव, म्हणजे रोज ताजं. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. पिल्लांनी खाल्लं की नाही हे बघायला भिंग नको, पोटं नारिंगी दिसतात. उकडलेल्या अंड्याचा बलक देतात काहीजण, तू देऊ नकोस, एका दिवसात पाणी दुधासारखं होतं आणि अमोनिया वाढला की पिल्लं रातोरात जातात. खाऊन झाल्यावर तळाचा कचरा बारीक पाईपने काढायचा, रोज दहा-पंधरा टक्के पाणी, त्याच टेंपरेचरचं.

शेवाळ_काढतोय:
आणि फिल्टर!!! ताई फिल्टरच्या तोंडाला आजच स्पंज लाव, आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. पिल्लं सुटली की पहिल्या तासात अर्धी फिल्टरमधे जातात आणि मग परत आपण आईबापांना शिव्या घालतो. रात्रीचा दिवा पण चालूच ठेव, पिल्लं पोहायला लागल्यावर पहिला आठवडाभर तरी. आणि नियॉन शक्य असेल तर हलव, आता ते शिकारी आहेत आणि शिकार पण.

दोन_राण्या:
फोटो टाका ना ताई. आठ महिने पांढरी अंडी बघितलेल्या माणसाला तेवढं तरी.

रंगीत_शेपूट:
स्पंज लावला, जुनी स्पंजची पट्टी रबरबँडने बांधलीय, चालेल ना? मीठ मोजून ठेवलंय, बाटली पण धुऊन ठेवलीय, उद्या संध्याकाळी सात वाजता लावते. फोटो टाकते रात्री, काचेवर माझ्याच नाकाचे डाग पडलेत ते आधी पुसते.

नियॉन हलवायला गेले होते. चारच सापडले.